मीटरवर शून्य

१९८८-८९ साली मी दहावीत होतो. त्या काळी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील विद्युत अपघटनापासून विद्युतचुंबकापर्यंतचा प्रत्येक प्रयोग कोरड्या सेलवर चालत असे आणि जूनमध्ये आणलेले सेल दिवाळीपर्यंत निकामी होत. त्यामुळे विज्ञानाच्या सरांनी १२ व्होल्टचा डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाचा) सप्लाय शाळेतच तयार करण्याचे ठरवले आणि भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून, बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधून काढलेले, मेनचे व्होल्ट ६ वर उतरवणारे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर आणले.

दोन्ही प्रायमरी (मेनकडची वेटोळी) २३० व्होल्टवर समांतर आणि दोन्ही सेकंडरी (६ व्होल्टची वेटोळी) एकसर जोडल्या की ६ आणि ६ मिळून १२, असा माझा हिशेब होता. जोडणी करून मीटर एसी रेंजवर लावला, तर काटा शून्यावरून हलेना. ट्रान्सफॉर्मर जळाले या समजुतीने मी रडकुंडीला आलो. सरांनी मात्र प्रत्येक सेकंडरी वेगवेगळी मोजायला लावली, तेव्हा दोन्हींवर ६ व्होल्ट होते. "दोन बैल उलटसुलट जुंपल्यावर गाडी हालेल का रे?" एवढेच ते म्हणाले. एका सेकंडरीच्या दोन तारांची अदलाबदल करताच काटा १२ च्या थोडा पुढे गेला, कारण भार नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्तच दाखवतो. सरांनी मग दोन्ही सेकंडरींच्या सुरुवातीच्या टोकांना लाल दोरा बांधायला लावला.

जास्त करंट मिळावा म्हणून पुढे मी त्याच सेकंडरी, दोरा न पाहता, समांतर जोडून पाहिल्या. सरांच्या सक्तीमुळे मेनमध्ये ६० वॅटचा बल्ब एकसर लावलेला होता. जोडणी उलटी पडून जादा करंट वाहू लागला तो बल्बने अडवला; बल्ब उजळला आणि ट्रान्सफॉर्मर वाचले. (हे मी सरांना कधीच सांगितले नाही.)

पुढचे काम सोपे होते. एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या ब्रिजमधून १२ व्होल्ट एसीचे शिखर (सर्वोच्च व्होल्ट) १७ च्या आसपास, त्यातून दोन डायोडांचे दीड व्होल्ट गेले, तरी व्होल्ट १२ वर स्थिर ठेवणाऱ्या ७८१२ या रेग्युलेटरला पुरेसे उरत होते. फक्त व्होल्टमधले चढउतार भरून काढणारा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अर्ध्या अँपिअरला तोकडा पडून सप्लायवर लावलेला रेडिओ घुमू लागला. तो कपॅसिटर काढून ४७०० चा बसवला तेव्हा आवाज स्वच्छ झाला.

आज यावल-रावेर पट्ट्यातील केळीबागांच्या पाण्याच्या मोटारी मी रिवाइंड करतो, म्हणजे त्यांची वेटोळी नव्याने गुंडाळतो. तीन वाइंडिंगची (वेटोळ्यांची), नंबर पुसलेली सहा टोके समोर आली की दोन वाइंडिंग एकसर जोडून त्यांना कमी व्होल्टचा एसी देतो आणि तिसऱ्यावर मीटर लावतो. एकाच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात जोडली गेली असेल तर तिसऱ्यावर व्होल्ट दिसतात. शेवटाला शेवट आला असेल तर काटा जवळजवळ शून्यावरच राहतो. दुकानातील मुलगा तेव्हा "काका, वाइंडिंग जळालं वाटतं" म्हणतो आणि मी टेबलाच्या खणातून लाल दोऱ्याचे रीळ काढतो.