भाषांतर बदललं, तरी साइटवर जुनंच दिसतंय

पंचवटीतल्या एखाद्या लॉजची वर्डप्रेस साइट घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा. सिंहस्थासाठी चेक-इनची वेळ बदलली, भाषांतरही बदललं, पण मराठी पानावर वेळ जुनीच. अशा वेळी सगळ्यांचा हात आधी कॅशे (वेगासाठी साठवून ठेवलेल्या तयार प्रती) साफ करण्याच्या बटणाकडे जातो. तो आवरा. कॅशे उडवला की जुना मजकूर नेमका कुठे अडकला होता याचा पुरावाच जातो आणि पुढच्या बदलाला पुन्हा तोच गोंधळ.

आधी नीट बघा, काय दिसतंय? जुनं मराठी दिसत असेल तर कुठेतरी जुनी फाइल किंवा जुनी प्रत शिल्लक आहे. मराठीच्या जागी इंग्रजी दिसत असेल तर फाइल सापडत नाहीये किंवा ते वाक्य फाइलमध्ये गेलंच नाहीये. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुसऱ्यावर कॅशे साफ करणं हा उपाय जवळजवळ कधीच नसतो.

इंग्रजीवालं आधी उरकून टाकू. वर्डप्रेसमध्ये हिंदीचा लोकेल, म्हणजे भाषेचा संकेत, ‘एचआय_आयएन’ आहे, पण मराठीचा नुसता ‘एमआर’. हिंदीची फाइल कॉपी करून नावात ‘एमआर_आयएन’ केलं, तर ती फाइल कधीच उचलली जात नाही आणि एररही येत नाही. दुसरं कारण फझी. मूळ इंग्रजी वाक्यात ‘११’चं ‘१२’ झालं तरी ते वाक्य नवीन ठरतं. जुनं भाषांतर त्याला अंदाजाने जोडलं जातं, फझी अशी खूण पडते आणि एमओ फाइल (साइट प्रत्यक्षात वाचते ती भाषांतराची फाइल) बनवताना अशी वाक्यं गाळली जातात. पोएडिट या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून भाषांतर तपासा, खूण काढा, सेव्ह करा. फॉर्मवरची बटणं वगैरे जावास्क्रिप्टमधला मजकूर तेवढा इंग्रजीत गेला असेल, तर जावास्क्रिप्टची भाषांतरं जिच्यात असतात त्या जेसन फाइलचं नाव तपासा. त्या नावात स्क्रिप्टच्या पाथवरून काढलेला एमडी५ हॅश (अक्षर-आकड्यांचा ठसा) असतो; बिल्डमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट नव्याने तयार करताना, तिचं नाव बदललं की जोडी तुटते.

आता जुनं मराठी. हा मजकूर राहतो कुठे ते ठरवा. पानाचा मजकूर आणि मेनू डेटाबेसमध्ये असतात, पॉलीलँग हे बहुभाषिक प्लगइन वापरत असाल तर साइटचं नाव, विजेटची शीर्षकं यांची भाषांतरंही तिथेच. त्यांच्यासाठी पीओ फाइल (भाषांतर जिच्यात लिहितात ती) कितीही बदला, काही होणार नाही. थीम आणि प्लगइनची वाक्यं मात्र फाइलमध्ये. सर्व्हरवर एसएसएच (दुरून कमांड चालवायची सोय) असेल तर ‘लँग्वेजेस’ फोल्डर आणि प्लगइनचं स्वतःचं फोल्डर, दोन्हींत जुनं वाक्य ग्रेप या शोधायच्या कमांडने शोधा. जेसनमध्ये देवनागरी अक्षरं युनिकोड संकेतांत लिहिलेली असू शकतात, तिथे ग्रेपला सापडणार नाहीत; ती फाइल वेगळी बघा. फाइल आणि डेटाबेस दोन्हीकडे जुनं वाक्य नसेल, तरच कॅशेकडे वळायचं.

बहुतेकदा ते फाइलमध्येच सापडतं. पीओ ही माणसाने वाचायची फाइल, साइट ती वाचत नाही. ती वाचते एमओ. आणि एप्रिल २०२४मध्ये आलेल्या वर्डप्रेस ६.५पासून तर एमओच्याही आधी ‘एल१०एन.पीएचपी’ शेपटीची फाइल शोधली जाते. म्हणजे तुम्ही एफटीपीने नवी एमओ चढवली आणि शेजारी जुनी पीएचपी फाइल राहिली, तर जुनंच दिसणार. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनातल्या ‘मेक-पीएचपी’ने ती पुन्हा बनवा, नाहीतर सरळ काढून टाका. शिवाय ‘लँग्वेजेस/प्लगइन्स’मधली प्रत प्लगइनच्या आतल्या प्रतीच्या आधी लागू होते. तिथे हाताने केलेला बदल पुढच्या भाषा-अपडेटमध्ये पुसला जातो, म्हणून स्वतःचे बदल लोको ट्रान्सलेट या प्लगइनच्या कस्टम फोल्डरमध्ये ठेवलेले बरे.

ही पीएचपी फाइल आल्याने पीएचपी फाइलींची तयार प्रत मेमरीत ठेवणारा ऑपकॅशेही या खेळात आला. नेहमीच्या सेटिंगला तो दर २ सेकंदांनी फाइल बदलली का ते बघतो, पण वेगासाठी काही होस्टिंगवाले ही तपासणीच बंद ठेवतात. मग पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारा प्रोग्राम) रीलोड केल्याशिवाय बदल दिसत नाही. कमांड लाइनवरून ऑपकॅशे रीसेट करून उपयोग नाही, तिची मेमरी वेगळी.

भाषांतर वर्डप्रेसच्या सार्वजनिक भाषांतर साइटवर केलं असेल, तर उशीर वेगळ्याच जागी होतो. सूचना मंजूर व्हावी लागते. प्लगइनचा भाषा-पॅक पहिल्यांदा बनायला ९० टक्के वाक्यं पूर्ण लागतात. त्यानंतर तुमची साइट दिवसातून दोनदा अपडेट तपासते, तेही डब्ल्यूपी-क्रॉनवर (वर्डप्रेसची ठरल्या वेळची कामं चालवणारी सोय), आणि हा क्रॉन कोणी साइट उघडली तरच चालतो. कोणी तो बंद करून सर्व्हरचा खरा क्रॉन लावायला विसरलं असेल, तर वाट बघत बसाल. डब्ल्यूपी-सीएलआयची ‘लँग्वेज प्लगइन अपडेट’ ही कमांड हाताने चालवा.

उरला कॅशे. लॉग-इन असलेल्याला बहुतेक पेज कॅशे ताजं पानच देतात, म्हणून मालकाला नवीन दिसतं आणि यात्रेकरूला जुनं. खाजगी विंडोत पान उघडा, मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी नवीन अक्षरं जोडून पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा नवीन दिसलं तर दोष पेज कॅशेचा किंवा सीडीएनचा (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा). सर्व्हरच्या उत्तरात ‘एज’ हेडर असेल तर प्रत किती सेकंद जुनी आहे ते कळतं. मग तेवढंच पान पर्ज करा, म्हणजे कॅशेतून काढा, सगळी साइट नाही. गर्दीच्या दिवशी सगळा कॅशे रिकामा केला तर स्वस्तातलं होस्टिंग मान टाकतं. एकाच पत्त्यावर कुकी बघून भाषा बदलत असाल, तर हिंदीवाल्याला मराठी पान जाण्याची भीती कायमची. प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या.

आणि वेळ, दर, पार्किंगचं ठिकाण हे सारखं बदलणारं काही भाषांतराच्या वाक्यात लिहूच नका. वाक्यात त्या जागी ‘%s’ ही खूण ठेवा, आकडा सेटिंगमधून येऊ द्या. एकदा बदलला की तिन्ही भाषांत बदलतो, पीओ उघडावीच लागत नाही.