व्हीलचेअर, दोन पोरं आणि नदीकाठचा रविवार

आईला नदीकाठी न्यायचं कधीपासून डोक्यात होतं, आणि ते पण गाडीच्या खिडकीतून नाही, नीट काठावर बसवायचं. तिचं बालपण पुण्याच्या शनिवार पेठेतलं, ओंकारेश्वराजवळचा घाट म्हणजे तिचं अंगणच. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिकडे जाणंच थांबलं. सोबत माझी लेक आणि दादाचा मुलगा, म्हणजे एकीला चालवत नाही आणि दोघांना बसवत नाही! त्यामुळे जरा नीट प्लॅन केला, आणि कोणाकडे असंच वय झालेलं माणूस असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे व्हीलचेअर. विकत घेऊ नका, मेडिकलच्या सामानाच्या दुकानात फोल्डिंगची भाड्याने मिळते, डिपॉझिट ठेवतात. घरीच एकदा उघडून, बंद करून, ब्रेक लावून बघितली, कारण उतारावर ब्रेक धरला नाही तर काय करणार.

दुसरं, वेळ. पुण्यातल्या महापालिकेच्या बऱ्याचशा बागा दुपारी बंद असतात, सकाळी उघड्या आणि मग एकदम संध्याकाळी. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे माहीत नसतं आणि भर उन्हात गेटवर उभं राहावं लागतं. म्हणून सकाळी एक बाग, दुपारी जेवण आणि आईची विश्रांती, संध्याकाळी दुसरी, असं ठरवलं.

कोथरूडहून रिक्षाने वनाज स्टेशनला गेलो, लिफ्टने वर, तिकीट मोबाईलवरच काढलं. डेक्कनपासून मेट्रो मुठेच्या कडेकडेनेच जाते आणि छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन तर नदीपात्रालगतच आहे. तिथे उतरल्यावर आईने खुर्ची थांबवायला सांगितली आणि खाली बघत बसली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ती शाळेत होती. "पाणी वाड्याच्या माडीपर्यंत आलं होतं गं," एवढंच म्हणाली, मग पोरांना समोरचा काठ दाखवून कुठून कुठे पळाले ते सांगायला लागली. पोरं पहिल्यांदाच इतका वेळ गप्प! मला वाटतं हे पुस्तकात वाचून कळत नाही, नदी समोर असली आणि सांगणारं माणूस शेजारी असलं की आपोआप उतरतं.

बागेत मोठ्या झाडांची सावली आहे, आईला तिथेच बसवलं, पोरं खेळायला सुटली. वहिनीने घरून धपाटे, दही आणि लसणाची चटणी आणली होती पण ते बागेत काढलं नाही, दुपारी जंगली महाराज रोडजवळच मावशीकडे पसरलो. तेवढ्यात आईची एक झोप झाली. ज्यांचं जवळपास कोणी नाही त्यांनी एसी असलेलं, तळमजल्यावर बसायची सोय असलेलं हॉटेल आधीच हेरून ठेवावं, आणि तिथलं टॉयलेट आधी बघावं, म्हाताऱ्या माणसांसाठी ती सगळ्यात मोठी गोष्ट असते.

उन्हं उतरल्यावर परत मेट्रो, बंड गार्डन स्टेशन, पुढे रिक्षा. इथे मुळा आणि मुठा एकत्र होऊन आलेल्या असतात त्यामुळे पात्र रुंद, आणि बंधाऱ्यामुळे पाणी साठलेलं असतं. हा बंधारा पुण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि त्याला सर जमशेटजी जिजिभॉय यांनी पैसे दिले होते. बंधाऱ्याला इंग्रजीत 'बंड' म्हणतात, बंड गार्डन हे बागेचं नाव त्यावरूनच पडलं. शेजारचा जुना दगडी फिट्झगेराल्ड पूल १८६७ सालचा, आता त्यावर गाड्या नाहीत, त्याच्या टोकाचे सिंह बघून पोरं खूश.

काठाला आईची खुर्ची लावली, ब्रेक लावला, आणि तिला बदकं दिसली. हळदी-कुंकू बदक होतं ते, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, पोरगी म्हणाली आजी बघ त्याने लावलंय! पण पाण्याला वास येतो, कडेला जलपर्णी साचलेली असते, हे लपवून काय उपयोग. आपल्या नदीला असं बघून मला खरंच वाईट वाटतं. मुळा-मुठेचा नदीकाठ सुधारायचा ४४ किलोमीटरचा मोठा प्रकल्प चालू आहे. चालायला चांगली वाट झाली की खुर्ची सहज जाईल, ते मला हवंच आहे, पण काठावरची जुनी झाडं राहिलीच पाहिजेत आणि आधी पाणी स्वच्छ झालं पाहिजे. सावली नसेल तर आईसारखी माणसं दिवसा तिथे बसणार कशी?

अंधार पडायच्या आत निघालो. आईने स्वतःच विचारलं, आता पुढच्या वेळी कुठे. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान ठरलंय, जपानच्या ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, आत वाहतं पाणी आहे, मासे आहेत. तिथे खुर्ची कुठवर जाते ते मी आधी एकटी जाऊन बघून येणार, मगच तिला नेणार.