विष्णुपदाला होडीने गेलो, परत मात्र चालत आलो

मार्गशीर्षात पंढरीचा विठोबा देवळात नसतो, गावाजवळ नदीकाठच्या विष्णुपदावर मुक्कामाला असतो, अशी आपल्याकडची श्रद्धा. महिनाभर माणसं डबे बांधून तिकडे वनभोजनाला जातात. आत्या चार वर्षं म्हणत होती, "एकदा होडीनं न्या रे मला." तिचे गुडघे गेलेत, पण होडीत बसायची हौस काही गेलेली नाही. शेवटी एका शनिवारी सकाळी साडेसहाला सोलापुरातून निघालो. मी, बायको, दोन पोरं आणि आत्या. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी आणि दह्याचा सट.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोहोळपर्यंत पुणे हायवे, तिथून डावीकडे वळून पालखी मार्ग, एकूण साधारण 75 किलोमीटर. चहाला थांबूनही दोन तासांत पोचता येतं. पंढरपूर जवळ आल्यावर एका मोकळ्या मैदानात टँकरने पाणी मारताना दिसले. धाकटा म्हणाला, "पप्पा, पिच करतायत का?" मीही हो म्हणालो. ते हेलिपॅड होतं. हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडू नये म्हणून आधी पाणी मारतात, हे मला ठाऊक होतं. पण सुट्टीच्या दिवशी डोकं चालत नाही. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांबू रोवलेले, झाडांच्या बुंध्यांना ताजा चुना. तरीही माझी ट्यूब पेटली नाही.

मोहोळकडून येताना नदी ओलांडायच्या आधीच गाडी लावली. शनिवारी गावात गाडी घालणं म्हणजे शिक्षाच. रिक्षाने पूल ओलांडून घाटावर गेलो. बेत असा, की वाळवंटातून होडी करायची, विष्णुपदाला जायचं, जेवायचं, आणि येताना त्याच होडीने थेट पलीकडच्या काठाला, म्हणजे गाडीजवळ उतरायचं. आत्याला एक पायरी जास्त चढायला नको. बेत चांगलाच होता, आजही म्हणेन.

पुंडलिकाचं दर्शन घेऊन एका होडीवाल्याशी बोललो. सहाशेला ठरलं, जाऊन-येऊन, पलीकडे सोडण्यासकट. निघता निघता तो म्हणाला, "मालक, बाराच्या आत उरकायचं बघा. बाराला बंद करायला सांगितलंय."

"कोण येतंय?"

"कोण का येईना. काल सांजच्याला पोलीस येऊन सांगून गेले. बारा ते दोन एकबी होडी पाण्यात दिसली न्हाई पायजे."

मी ते बारा लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखं ऐकलं. बारा म्हणजे साडेबारा, असं धरून चाललो.

होडीचा प्रवास म्हणाल तर अर्धा-पाऊण तासाचा, पण त्यासाठी परत जाईन. इथे नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून भीमेची चंद्रभागा झाली. सकाळी पाणी इतकं संथ होतं की वल्हं उचललं की त्याच्या टोकावरून पडणारे थेंब मोजता येत होते. घाट मागे सरकत जातात, नदीतलं नारदाचं देऊळ येतं, मग विष्णुपदाचा दगडी मंडप. आत दगडावर कृष्णाची पावलं आणि गायींच्या खुरांचे ठसे. आत्याने प्रत्येक खुराला हळदीकुंकू वाहिलं. एकही सोडला नाही. त्यात साडेदहा झाले. मग बाहेर सावली बघून पंगत. होडीवाल्यालाही बसवला. शेंगाचटणी खाऊन तो म्हणाला, "सोलापूरची हाय व्हय, कळलं."

पावणेबाराला आम्ही हात धुवत होतो. पाण्यावरून शिट्टी ऐकू आली. केशरी जॅकेटं घातलेली माणसं रबरी बोटीतून आली आणि काठावरच्या तिन्ही होड्यांना म्हणाली, "आहे तिथंच लावा. आता कोणी निघायचं नाही." मी घड्याळ दाखवलं, अजून पंधरा मिनिटं आहेत म्हणालो. त्यांच्यातला एक हसला. तीनही होड्या एकमेकींना दोरीने बांधल्या आणि बरोबरच्या पोलिसाने सगळी वल्ही मोजून मंडपाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. सहा वल्ही. वल्हं काढून घेतलं की होडी म्हणजे नुसतं लाकूड. इतका सोपा आणि पक्का बंदोबस्त मी दुसरीकडे पाहिला नाही.

बारा वाजले, एक वाजला. आकाशात काही नाही. दीड वाजता तो पोरगेला पोलीस स्वतःच म्हणाला, "काका, अजून तिकडनंच निघाले नाहीत." आत्याची जेवणानंतरची साखरेची गोळी गाडीत राहिली होती. हे कळल्यावर माझा सगळा तोरा उतरला. पोलिसाने वायरलेसवर विचारलं. होडी मिळणार नाही, पण काठाने चालत जाता येईल, असं उत्तर आलं. विष्णुपद गावाच्याच बाजूला आहे, रस्ता आहे, म्हणून निभावलं. आत्याला मध्ये धरून, थांबत थांबत, रस्त्यापर्यंत आलो. रिक्षा पुलाच्या बऱ्याच अलीकडे थांबली, कारण पुढे बॅरिकेड. पुलावर पायी सोडत होते, तेही ताफ्याची वर्दी येईपर्यंत. गाडीपाशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. गोळी घेऊन आत्या पहिलं वाक्य बोलली ते असं: "विठोबा इतक्या लोकांना भेटतो, त्याला कुठं लागतो बंदोबस्त."

निघताना होडीवाल्याच्या हातात सहाशे ठेवले होते. त्याने दोनशे परत केले. "पलीकडं सोडलं न्हाई की." त्याची मात्र दुपारची सगळी सवारी बुडाली होती.

आता कामाचं. माझा एक वर्गमित्र ग्रामीण पोलिसातून निवृत्त झालाय. रात्री त्याला फोन केला, तर आधी पोटभर हसला, मग समजावून सांगितलं. एसपीजी म्हणजे पंतप्रधानांचं खास सुरक्षा पथक, 1985 मध्ये उभं राहिलेलं, 1988 च्या कायद्याचा आधार असलेलं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या बंदोबस्ताचे नियम गृहखात्याच्या 'ब्लू बुक'मध्ये, इतर मोठ्यांचे 'यलो बुक'मध्ये. वरच्या श्रेणीचा पाहुणा असेल तर आधी एएसएलची, म्हणजे सगळ्या सुरक्षा यंत्रणांची पूर्वतयारीची बैठक होते, जागेची पाहणी होते, बीडीडीएस, म्हणजे बॉम्बशोधक पथक, कुत्रं घेऊन फिरतं. पंढरपुरात पाण्याचा प्रश्न येतो तो देऊळ आणि घाट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे. रस्त्याला बॅरिकेड लावता येतं, नदीला लावता येत नाही. आणि पुलावरून ताफा जायचा तर पुलाखालून होडी जाऊ देऊन कसं चालेल? हे मला पटलं. बंदोबस्ताबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घाटावर चार ओळींचा फलक नव्हता याची. होडीवाल्यांना आदल्या संध्याकाळी तोंडी सांगितलं जातं, यात्रेकरूला कोणीच सांगत नाही.

म्हणून घाटावर पहिला प्रश्न हाच विचारा: परतीची होडी किती वाजेपर्यंत? "होडी चालू आहे का" असं विचारलंत तर चालू आहेच म्हणतील, कारण त्या क्षणी ती चालूच असते. माणूस अडकतो तो येताना. शिवाय सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी निघा, कारण बंद करायची वेळ अलीकडे सरकते आणि उघडायची पलीकडे. पाहुण्याच्या कार्यक्रमाची वेळ छापलेली असते, पण ताफा कधी निघणार ते शेवटपर्यंत सांगत नाहीत, सांगूही नये. हेलिकॉप्टर धुक्यात अडकलं तर तुमची होडीही अडकली.

आदल्या दिवशी अंदाज घ्यायचा असेल तर 'ड्रोन उडवण्यास बंदी' ही बातमी शोधा. नदीचं नाव त्यात नसेल, पण ती बातमी आली म्हणजे पुढचं सगळं आलं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता 'रेड झोन' करू शकतो. हल्ली घाटावर भाचे-पुतणे ड्रोन घेऊन येतात, त्यांना आधीच दम द्या. जमावबंदीचा किंवा मनाईचा आदेश बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. 1 जुलै 2024 च्या आधी ज्याला आपण 144 म्हणायचो, तेच हे. तो मोडला तर न्याय संहितेचं कलम 223 लागतं. वल्हं हातात धरणाऱ्यावर ते पहिल्यांदा लागणार, तुमच्यावर नंतर. तेव्हा "चल रे, कोण बघतंय, शंभर जास्त घे" असं होडीवाल्याला म्हणू नका. त्याचं पोट त्या घाटावर आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याला हे सांगितलं, तर त्याला नवल वाटलं नाही. संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरला लागून आहे. दर सप्टेंबरात आमसभेला जगभरचे राष्ट्रप्रमुख जमतात तेव्हा तिथल्या नदीच्या काही भागावर कोस्ट गार्ड सुरक्षा क्षेत्र जाहीर करतं. परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. परवानगी देणारा अधिकारी नेमलेला असतो, 'कॅप्टन ऑफ द पोर्ट', आणि सूचना रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर मिळते. फ्लोरिडात पाम बीचजवळ काही पट्ट्यात पूर्ण बंदी, तर काही ठिकाणी न थांबता एकसारख्या वेगाने निघून जायची मुभा, असाही प्रकार केलेला आहे. ही दुसरी पद्धत मला आवडली. आम्हाला कोणी "न थांबता पलीकडे जा" म्हटलं असतं तर पंधरा मिनिटांत आत्या गाडीत असती. अर्थात तिकडे बऱ्याच बोटींवर रेडिओ असतो. आमच्या होडीवाल्याकडे त्याचा मोबाइल होता, तोही पाण्यात पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

एक लक्षात ठेवा, होड्या फक्त पाहुण्यांसाठी बंद होत नाहीत. उजनी धरणातून पाणी सोडलं की चंद्रभागेचं रूप पालटतं, आणि तेव्हाची बंदी निमूट मानायची. 21 मे 2024 ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळात उलटून सहा जण गेले, ते आपल्या जिल्ह्यातला कोणी विसरलेला नाही. लाइफ जॅकेट मागा. आम्हाला पाच जणांत तीन मिळाली. ती पोरांना आणि आत्याला घातली, आणि आम्ही दोघं तशीच बसलो, हे चुकलंच. पुढच्या वेळी पाच नसतील तर दुसरी होडी बघणार.

एकादशीचं गणित निराळं. आषाढीला मुख्यमंत्री आणि कार्तिकीला उपमुख्यमंत्री शासकीय महापूजेला येतात, पूजा उत्तररात्री असते, आणि आदल्या दिवसापासून गाव बांधलेलं असतं. त्या दोन-तीन दिवसांत नदीतून फिरण्याचा बेत ठेवूच नका. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होऊन गर्दी ओसरली की मग या.

गाडी कुठे लावायची, यावर घरात अजून वाद आहे. बायको म्हणते गावाच्या बाजूलाच लावायला हवी होती, म्हणजे पूल ओलांडावा लागला नसता. पण मग ताफा जाईपर्यंत गाडी गावातच अडकली असती. माझं मत, गाडी पलीकडेच ठेवा. फक्त औषधं, पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि म्हाताऱ्या माणसाची काठी गाडीत न ठेवता होडीत बरोबर घ्या. आणि विष्णुपदाला उतरलात की जेवायला बसण्याआधी तिथून रस्त्याकडे जाणारी वाट एकदा पायाखाली घालून या.

पुलावरून जाताना खाली बघितलं तर दोऱ्या अजून सुटल्या नव्हत्या. गाडी सुरू करताना डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. धाकट्याने टँकरचं पाणी मारलेल्या मैदानाकडे बोट दाखवलं आणि काहीच बोलला नाही. मोहोळच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा होडीवाल्याचा फोन आला. साडेचारला सोडलं म्हणाला, आणि आज्जींनी गोळी घेतली का ते विचारलं. दह्याचा सट त्याच्या होडीतच राहिला होता.