ट्रेझरीत बिल टाकलं की आत नेमकं काय होतं

आपल्याकडे जिल्ह्यात सरकारी पैसा खर्च होतो तो जिल्हा कोषागारातून, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ट्रेझरीतून. तालुक्याला उपकोषागार असतं. नावावरून वाटतं की आत तिजोऱ्या आणि नोटा असतील, पण आत गेलात तर दिसतात बिलं, कॉम्प्युटर आणि वैतागलेली माणसं. एक अभिरक्षा कक्ष असतो, त्याला दोन कुलपं आणि चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे, पण त्यात बहुतेक स्टॅम्प नि सीलबंद पेट्या. सरकारची शिल्लक असते रिझर्व्ह बँकेत. मग ट्रेझरी करते काय, तर कुठला रुपया कुठल्या नावावर लिहायचा ते बघते, आणि माझं तर मत आहे की हेच तिचं खरं काम आहे, बिल पास करणं त्यामानाने सोपं.

मी एका ऑफिसच्या लेखा शाखेत आहे, म्हणजे बिल पाठवणाऱ्यांच्या बाजूचा. त्यामुळे ट्रेझरीवर चिडायचा आम्हाला जन्मसिद्ध हक्क आहे. पण इतकी वर्षं बिलं परत येताना बघून त्यांची पद्धत हळूहळू कळायला लागली, म्हणून लिहितोय.

सुरुवात शीर्षापासून, म्हणजे हिशोबाच्या सदरापासून करू, कारण ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. सरकारी हिशोबात प्रत्येक जमा आणि प्रत्येक खर्च एका नंबराखाली जातो. पहिले चार आकडे म्हणजे प्रधान शीर्ष, आणि त्यातला पहिला आकडाच अर्धी गोष्ट सांगतो. 0 किंवा 1 ने सुरू झालं तर महसुली जमा, 2 किंवा 3 म्हणजे महसुली खर्च, 4 किंवा 5 म्हणजे भांडवली खर्च, 6 किंवा 7 म्हणजे कर्ज आणि आगाऊ रकमा, आणि 8 म्हणजे आकस्मिकता निधी (अचानक आलेल्या खर्चासाठीचा) आणि लोकलेखा (सरकारने सांभाळलेला दुसऱ्यांचा पैसा). आता गंमत बघा, शिक्षण घ्या. शिक्षणातून आलेली फी वगैरे 0202, शिक्षणावरचा रोजचा खर्च 2202, शाळेची इमारत बांधली तर 4202, शिक्षणासाठी कर्ज दिलं तर 6202. मागचे तीन आकडे तेच, पुढचा बदलला की अर्थ बदलला. ज्याने कुणी ही रचना केली त्याला माझा नमस्कार, खरंच. त्याच्या खाली मग उपप्रधान शीर्ष, गौण शीर्ष, उपशीर्ष वगैरे उतरत उतरत शेवटी उद्दिष्ट शीर्ष येतं, म्हणजे 01 असेल तर वेतन, 11 असेल तर देशांतर्गत प्रवास, 13 असेल तर कार्यालयीन खर्च. ट्रेझरीच्या स्वतःच्या लोकांचा पगारसुद्धा असाच 2054 खाली पडतो, ते काही वेगळे नाहीत.

हे शीर्ष देशभर सारखे असतात बरं का, निदान वरच्या पायऱ्यांपर्यंत. हिशोब कुठल्या नमुन्यात ठेवायचे हे कॅगच्या, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात, घटनेच्या कलम 150 मध्येच आहे ते. म्हणून महाराष्ट्राचा पोलिसांवरचा खर्च पण 2055 आणि बिहारचा पण 2055.

आता बिलाचा प्रवास. खर्चाला मंजुरी देणारा अधिकारी एक, बिल काढणारा दुसरा, त्याला म्हणायचं आहरण व संवितरण अधिकारी (आम्ही सरळ डीडीओ म्हणतो). बिल तपासून पारित करणारी ट्रेझरी तिसरी, पैसे देणारी बँक चौथी, आणि शेवटी पक्का हिशोब मांडणारे महालेखापाल (कॅगचे राज्यातले अधिकारी) पाचवे. लोक म्हणतात एवढी टेबलं कशाला, एकानेच करावं की. अहो, एकानेच केलं तर मंजुरी पण त्याची, सही पण त्याची आणि हिशोब पण तोच लिहिणार, मग चुकलं हे सांगणार कोण?

बिल टाकायच्या आधी बीम्सवर (बजेटच्या तरतुदींची ऑनलाइन प्रणाली) तरतूद शिल्लक आहे का बघावं लागतं, तिथून प्राधिकारपत्र निघालं तरच बिल पुढे जातं. अनुदान नाही तर बिल नाही, साहेबांनी कितीही फोन केले तरी. पूर्वी हे रजिस्टरवर असायचं, एका शीर्षाखाली आधी किती उडालेत हे शोधायला पानं उलटावी लागायची. मग बिल ट्रेझरीत गेलं की टोकन नंबर पडतो, आणि ते लेखापरीक्षा शाखेच्या लेखा लिपिकाच्या टेबलावर जातं. तो बघतो मंजुरीचा आदेश जोडलाय का, शीर्ष बरोबर आहे का, सही नमुना सहीशी जुळते का, तोच खर्च आधी काढलेला नाही ना. वरती कनिष्ठ लेखापाल, मग अधिकारी. महाराष्ट्र कोषागार नियम 1968 आणि मुंबई वित्तीय नियम 1959 ही दोन पुस्तकं यांची ढालही आणि तलवारही. आक्षेप लागला की बिल परत. आणि इथे माझी एक तक्रार आहेच, काही ठिकाणी एका वेळी एकच आक्षेप काढतात, तो दुरुस्त करून पाठवला की दुसरा निघतो. सगळे एकदम लिहिले तर काय बिघडतं देव जाणे. ही तपासणी चांगलीच आहे, पण ती हप्त्याहप्त्याने करायची गरज नाही.

पगाराचं बिल सगळ्यात बघण्यासारखं. आपल्याला वाटतं पगार म्हणजे हातात आला तेवढा, पण हिशोबात पूर्ण ढोबळ रक्कम त्या त्या विभागाच्या शीर्षाखाली 01 मध्ये खर्च पडते, आणि मग कपाती एकेक करून दुसरीकडे जमा होतात. जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) 8009 ला, व्यवसाय कर 0028 ला, सरकारी क्वार्टरचं भाडं 0216 ला. इन्कम टॅक्स केंद्राचा असतो, तो राज्याचा पैसाच नाही, म्हणून तो 8658 निलंबन खात्यात थांबतो आणि तिथून हिशोबाने केंद्राकडे जातो. म्हणजे एका बिलात खर्चही आहे, जमाही आहे, दुसऱ्याचा पैसा सांभाळणंही आहे, आणि बँकेत प्रत्यक्ष जाते ती फक्त निव्वळ रक्कम. बाकी सगळं पुस्तकी समायोजन, कागदावरच इकडून तिकडे. सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीमुळे आता हे बटणावर होतं, पण त्यामागे हीच वाटणी आहे.

बिल पारित झालं, पैसे गेले, की त्याला प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक मिळतो. इथे डीडीओचं लक्ष संपतं आणि ट्रेझरीच्या संकलनाचं काम सुरू होतं. महिनाभरातले सगळे प्रमाणक शीर्षवार लावायचे, जमेची चलनं (आता बरीचशी ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा पोर्टलवरून येतात) लावायची, बँकेने कळवलेल्या आकड्याशी जुळवायचं, आणि मासिक लेखा महालेखापालांकडे पाठवायचा. विदर्भ, मराठवाड्याचा नागपूरला, बाकीच्यांचा मुंबईला. मुंबईत मात्र नेहमीसारखं जिल्हा कोषागार नाही, तिथे अधिदान व लेखा कार्यालय हे काम करतं. महालेखापाल मग वर्षाअखेर वित्त लेखे (वर्षाच्या जमाखर्चाचा हिशोब) आणि विनियोजन लेखे (मंजूर तरतूद किती नि खर्च किती याचा हिशोब) तयार करतात, ते विधिमंडळात जातात आणि आमदारांची लोकलेखा समिती ते तपासायला बसते. केंद्राने 1976 मध्ये स्वतःचे हिशोब कॅगकडून काढून मंत्रालयांकडे नेले, राज्यांचं बहुतांशी अजून ट्रेझरी आणि महालेखापाल असंच चालतं.

सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे ताळमेळ. आमच्या वहीत खर्च एवढा, ट्रेझरीच्या हिशोबात एवढा, महालेखापालांकडे तिसराच आकडा. कुणीतरी चुकीचं शीर्ष टाकलं की हे होतं, पैसा चोरीला गेलेला नसतो, फक्त दुसऱ्या घरात जाऊन बसलेला असतो. दर महिन्याला जुळवलं तर सहज सापडतं, पण ताळमेळाला जायचं म्हटलं की ऑफिसात सगळ्यात नवीन माणसाला पाठवतात, ज्याला शीर्ष म्हणजे काय तेच माहीत नसतं. मग वर्ष बंद झाल्यावर कळतं की आपल्या नावावर भलताच खर्च पडलाय आणि तोपर्यंत दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

तसंच एसी, म्हणजे संक्षिप्त बिलांचं. तातडीची गरज म्हणून अशा बिलावर रक्कम उचलायची आणि नंतर पावत्यांसह तपशीलवार बिल द्यायचं, असा नियम. उचलायला सगळे हजर, तपशील द्यायला कुणी नाही. कॅगच्या अहवालात प्रलंबित तपशीलवार बिलं हा विषय पुन्हा पुन्हा येतो तो उगाच नाही, कारण तपशील आल्याशिवाय तो पैसा खरंच त्याच कामाला लागला की नाही हे कुणालाच म्हणता येत नाही.

मार्चबद्दल सगळ्यांना माहितीच आहे. सरकारी हिशोब रोखीच्या तत्त्वावर चालतो, 31 मार्चपर्यंत पैसे गेले तरच त्या वर्षाचा खर्च, नाहीतर तरतूद व्यपगत, म्हणजे बुडाली. म्हणून शेवटच्या आठवड्यात ट्रेझरीबाहेर रांगा, रात्री उशिरापर्यंत दिवे, आणि फेब्रुवारीपर्यंत झोपलेल्या ऑफिसांचे 'अर्जंट' गठ्ठे. काही जण तर पैसा बुडू नये म्हणून काढून स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या पदनामाने ट्रेझरीत असलेल्या ठेव खात्यात) नेऊन ठेवतात, म्हणजे हिशोबात खर्च झाला आणि प्रत्यक्षात झालाच नाही. यावर शासनाचे निर्बंध आहेत, महालेखापाल आक्षेप घेतात, आणि ट्रेझरीतला लेखा लिपिक त्या गर्दीत हजारभर बिलांपैकी नेमकं कुठलं थांबवायचं हे ठरवत बसलेला असतो, बाहेर मात्र सगळ्यांचा एकच सवाल, माझं बिल कुठाय.