आमची वाटचाल : बोन सिमेंट आणि नागपूरचा उन्हाळा

मोडलेलं हाड जोडायच्या प्लेट आणि स्क्रूच्या पुरवठ्यापासून आम्ही सुरुवात केली. धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांना बोन सिमेंट, म्हणजे कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवणारं सिमेंट, द्यायला लागलो आणि कामाची सगळी घडी बदलली. स्क्रूला मे महिन्याचं ऊन लागलं तरी काही बिघडत नाही. सिमेंटचं बिघडतं.

एका डब्यात साधारण ४० ग्रॅम पावडर आणि अँप्यूलमध्ये २० मिली द्रव असतो. पावडरीत बेंझॉइल पेरॉक्साइड, द्रवात मिथाइल मेथाक्रिलेट आणि क्रिया सुरू करणारं टोल्युइडिन. दोन्ही एकत्र आले की उष्णता सुटते आणि सर्जनच्या हाती मोजकी मिनिटं उरतात. ती किती, हे मुख्यतः तापमान ठरवतं. आयएसओ ५८३३ या बोन सिमेंटच्या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी २३ अंशांवर होते, तीही साहित्य आधी किमान दोन तास त्याच तापमानाला ठेवून. ओटी (ऑपरेशन थिएटर) १८ अंशांवर असेल तर कणकेसारखा गोळा ग्लोव्हला चिकटायचा थांबायला वेळ लागतो. २६-२७ झालं, की हाडाच्या जाळीत शिरण्याआधीच तो घट्ट होऊ लागतो.

आमच्या मते ओटीच्या एसीइतकंच डब्याचं तापमान महत्त्वाचं आहे, आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. बाहेर ४५ अंश असताना गाडीच्या डिक्कीतून आलेला डबा एसीत नेल्याबरोबर थंड होत नाही. म्हणून आम्ही माल आदल्या दिवशीच पोचवतो आणि तो ओटीच्याच तापमानाला ठेवायला सांगतो. गोदामाला कूलर चालत नाही. २५ अंशांखाली राहण्याची खात्री नसते आणि हवा दमट होते. मेथाक्रिलेट पेट घेणारं आहे, त्यामुळे ठिणगी-ज्वाळाही दूर हव्यात. उष्णतेने किंवा उजेडाने द्रव पाकासारखा दाट झाला असेल तर तो टाकूनच द्यायचा.

वेळ वाढवायला कुणी द्रव जास्त घालतं. तसं करू नये : आकुंचन वाढतं, उष्णता वाढते, न जुळलेला मोनोमर (म्हणजे क्रिया न झालेला मेथाक्रिलेट) जास्त उरतो. वेळ हवा असेल तर कंपनीच्या सूचनेत बसत असेल तेव्हाच सिमेंट आधी थंड करून घ्यावं. सिस्टरच्या ट्रेवरचा उरलेला गोळा मऊ दिसला म्हणून आतलं सिमेंटही मऊच आहे असं समजू नये. शरीर ३७ अंशांवर असतं, आत ते लवकर जमतं.

हाडातली पोकळी भरायला वापरतात त्या कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटचं गणित वेगळं. ते फारसं तापत नाही, पण जमण्याआधी रक्त लागलं तर धुऊन जातं. म्हणून पोकळी आधी कोरडी करावी आणि भरल्यावर जमेपर्यंत हलवू नये.