चवथीनंतरचा तो रविवार

चवथीचे गणपती पोचवले, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरली, की फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावाला मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेचे वेध लागायचे. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या, ओळीने मांडलेले पट, बाहेर धो धो पाऊस आणि आत मिरचीभज्यांचा वास. एका बाजूला निवृत्त आजोबा, समोर सहावीतलं पोर. पटावर वय कुणी विचारत नसे.

पहिल्या वर्षी मी अकरा वर्षांचा होतो. घोडा उचलायला गेलो आणि उचलला वजीर. तो जागचा हलला की शेवटच्या ओळीत हत्तीची मात. पंच म्हणून बसलेले मास्तर हळूच म्हणाले, "उचललास ना रे बाबा? मग तोच चालव." चालवला. हरलो. डोळे भरून आले, चपला शोधू लागलो. मास्तरांनी यादीवर बोट ठेवलं, "चाललास कुठे? दुसऱ्या फेरीत नाव आहे तुझं."

आमची स्पर्धा स्विस पद्धतीची. हरलेला बाद होत नाही; साधारण आपल्याइतकेच गुण असलेल्याशी त्याची पुढची गाठ पडते. २०२५ मध्ये विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, तो मात्र बाद पद्धतीचा. २०६ खेळाडू आले, जगज्जेता गुकेशही तिसऱ्या फेरीत बाहेर पडला. तिथे तेच योग्य. पण अकरा वर्षांच्या पोराला हरल्यावर पुन्हा पटासमोर बसायला मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका हिशेबात माझा आकडा चुकला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी उठून साहेबांना सांगितलं. बोलणी खाल्ली, दुपारी पुन्हा तोच हिशेब मांडायला बसलो. हे बळ घरातून आलं तसंच त्या सतरंजीवरूनही आलं.

त्या पहिल्या स्पर्धेच्या दिवशी सात फेऱ्यांत माझे अडीच गुण झाले. बक्षीस समारंभ चालू असताना पहिल्या फेरीत मला हरवणारे आजोबा पट घेऊन शेजारी बसले. डाव जसाच्या तसा मांडला आणि राजापुढचं एक प्यादं त्यांनी बोटाने एक घर पुढे सरकवलं.

"वजिराचं सोड. राजाला पळायला वाट आधीच ठेवायची होती. बघ, आता हत्ती आला तरी मात नाही."

मग मोहरे पुन्हा लावले आणि म्हणाले, "पांढरे तू घे."