तुम्ही विचारलंत म्हणून: ठरवून केलेली कुस्ती बघता कशाला?

प्रश्न नेहमी एकच असतो, विचारणारे बदलतात. ऑफिसातला नवा मुलगा विचारतो, बायकोच्या मैत्रिणी हसत हसत विचारतात, आणि सगळ्यांत आधी, १९९८ साली, कोल्हापूरच्या मामांनी विचारला होता. सुट्टीत ते आमच्याकडे कुडाळला आले होते. मी केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे अमेरिकेतली ठरवून केलेली कुस्ती, लावून बसलो होतो. मामांनी पाच मिनिटं पाहिलं, पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, "अरं, ही तर नुरा. एवढा शिकतोस, आणि नुरा बघतोस?"

नुरा म्हणजे दोन पैलवानांनी आधी संगनमत करून केलेली कुस्ती. फडात हा शब्द शिवीसारखा वापरतात. लोक तिकीट काढून आलेले असतात, हलगी वाजत असते, आणि दोघे नुसते खडाखडी करत वेळ काढतात. मामांच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देतो. पण त्यासाठी मिक फोली या तिथल्याच पैलवानाची गोष्ट सांगावी लागेल. अंडरटेकर सगळ्यांना ठाऊक असतो. तो सात वेळा मरून उठतो, असं आमच्या वर्गातही शपथेवर सांगायचे. फोलीचं नाव काढलं की समोरचा जरा आठवतो आणि म्हणतो, "तो जाड्या? मोजेवाला?" होय, तोच.

फोली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढला. अंगकाठी पैलवानाची नाही: उंची सहा फूट दोन इंच, वजन सव्वाशे किलोच्या पुढे, पण शरीर कमावलेलं वगैरे काही नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये, कॉलेजात असताना, तो रस्त्यावर गाड्यांना अंगठा दाखवत थेट न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पोचला. तिथे जिमी स्नूका रिंगणाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्याच्या टोकावरून खाली आडव्या पडलेल्या डॉन मुराकोवर झेपावला. पोरानं ते पाहिलं आणि आयुष्यात काय करायचं ते ठरवलं. मग डॉमिनिक डिनुची नावाच्या जुन्या पैलवानाकडे शिकायला तो दर आठवड्याला कॉलेजातून पेनसिल्व्हेनियापर्यंत गाडी हाकायचा आणि गाडीतच झोपायचा. तिथे पहिल्यांदा शिकवतात ते पडणं. पाठ सपाट टेकवायची, हनुवटी छातीला लावायची, हात आपटून जोर वाटून घ्यायचा. जिंकायचं कोणी हे वरून ठरून येतं, पण जमीन सगळ्यांना सारखीच लागते.

इथे थोडं विषयांतर. आमच्याकडे जत्रेत रात्रभर धयकालो, म्हणजे दशावतार होतो. राक्षस मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. लिहिलेली संहिता मात्र नसते. आख्यान ठरतं, कोण कोण काय होणार ते ठरतं, आणि पुढचं सगळं बोलणं रंगमंचावर त्या क्षणी सुचतं. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की राजा-राक्षसाची शब्दांची जुगलबंदी अर्धा अर्धा तास चालते आणि पेंगणारे लोक उठून बसतात. अमेरिकन कुस्तीचंही बरंचसं असंच आहे. शेवट ठरलेला, मधलं बरंच काही रिंगणात कानाशी कुजबुजून जुळवलेलं, आणि समोरचं पब्लिक कुठे गरम होतंय त्यावर लय बदलायची. त्यामुळे "शेवट ठरलेला असतो ना?" या प्रश्नाचं मला कधी फारसं वाटलं नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला शेवट ठरलेलाच आवडतो.

फोलीनंही सोंगं घेतली, एक नाही तर तीन. कॅक्टस जॅक हा रानदांडगा. ड्यूड लव्ह हा छपरी प्रेमवीर. तो त्यानं पोरवयात मित्रांबरोबर घरगुती व्हिडिओ काढताना रचला होता आणि त्याच नादात घराच्या छपरावरून उडीही मारली होती. आणि तिसरा १९९६ मध्ये आलेला मॅनकाइंड: तोंडावर चामड्याचा मुखवटा, बॉयलर रूममध्ये राहणारा, स्वतःचेच केस उपटणारा. १९९८ च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे एकामागून एक पैलवान आत येत जातात त्या कुस्तीत, हा एकच माणूस एकाच रात्री तीन नावांनी तीनदा आत आला. त्याचा उजवा कान बघितलात तर दोन-तृतीयांश नाही. मार्च १९९४ मध्ये म्युनिकला व्हेडरशी लढताना त्याचं डोकं दोन दोरांच्या पिळात अडकलं. तेव्हा तो डब्ल्यूसीडब्ल्यू नावाच्या कंपनीत होता, आणि त्यांचे दोर म्हणजे रबरी नळीत घातलेली पोलादी तार. कान तिथेच गेला, आणि कुस्ती पुढे चालू राहिली.

ह्या असल्या गोष्टींमुळे लोकांनी त्याला रक्ताचा माणूस ठरवून टाकलं. त्यालाही काही काळ ते मान्य असावं; १९९५ मध्ये जपानात काटेरी तारा आणि स्फोटकांच्या फळ्या वापरून झालेली 'किंग ऑफ द डेथ मॅच' स्पर्धा त्यानेच जिंकली. पण त्याच वर्षी ईसीडब्ल्यू नावाच्या छोट्या, आडदांड कंपनीत काम करताना त्याला प्रेक्षकांत एक फलक दिसला. त्याच्या तीन वर्षांच्या मुलाचं नाव लिहून त्या पोराला काठीनं बडवा, असं त्यावर लिहिलं होतं. कोणीतरी गंमत म्हणून. फोली चिडला, आणि त्यानं जो सूड उगवला तो माझ्या मते अख्ख्या कारकिर्दीतली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. तो मुद्दाम कंटाळवाणा लढायला लागला. समोरच्याचं डोकं काखेत धरायचं आणि धरूनच ठेवायचं. लोक रक्त मागताहेत, हा हेडलॉक घालून बसलाय. खेळ बघणाऱ्यालाच शिक्षा. मामांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा जरा खुलले. "म्हंजे त्यानं नुरा करून दाखवली," म्हणाले.

मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र ४ जानेवारी १९९९ या सोमवारी आहे.

तेव्हा अमेरिकेत दोन कंपन्या सोमवारी रात्री एकाच वेळी टीव्हीवर असायच्या: डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू. त्या दिवशीचा डब्ल्यूडब्ल्यूएफचा भाग काही दिवस आधीच मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला चित्रित झालेला होता. त्यात फोली तेव्हाच्या चॅम्पियनला, द रॉकला, हरवून पहिल्यांदा चॅम्पियन होतो हे समोरच्या कंपनीला कळलेलं होतं. तिथे कार्यक्रम थेट चालू होता. निवेदक टोनी शियावोनीनं, वरून आलेल्या हुकुमानुसार, हा निकाल सांगून टाकला आणि वर कुत्सितपणे जोड दिली, की आता बघा कशा खुर्च्या भरतात त्या! फोली पूर्वी त्यांच्याकडेच राबलेला माणूस. त्यांना वाटलं, शेवट कळला की कोण बघणार?

लाखो लोकांनी चॅनेल बदललं. शेवट कळला म्हणून!

आणि त्यांनी पाहिलं काय? वूस्टरमध्ये काच फुटल्याचा आवाज होतो, म्हणजे रॉकचा वैरी स्टीव्ह ऑस्टिन येणार. तो खुर्ची घेऊन येतो, रॉकच्या डोक्यात घालतो, आणि तो अर्ध्या कानाचा, मुखवटेवाला, जाडा माणूस वर पडून तीन मोजून घेतो. छप्पर उडेल असा गलका. मग पट्टा हातात घेऊन तो घरी बसलेल्या आपल्या पोरांना उद्देशून ओरडतो, की तुमच्या बाबानं करून दाखवलं. पुढे कित्येक महिने लोक फलक घेऊन यायचे: ह्या खुर्चीवर मला मिक फोलीनं बसवलं.

त्याच रात्री दुसरीकडे, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट कार्यक्रमात, अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये हजारो लोकांपुढे हल्क होगननं त्यांचा चॅम्पियन केव्हिन नॅश याच्या छातीला एक बोट लावलं. नॅश धाडकन आडवा पडला. होगननं त्याला तीन मोजून घेतलं आणि चॅम्पियन झाला. दोघे उठून मिठ्या मारायला लागले.

मामा, नुरा ती. दोन्हीकडचा निकाल आधीच ठरलेला होता, पण एकीकडे लोकांना माहीत असून आनंद झाला आणि दुसरीकडे आपल्याला खुळ्यात काढलं असं वाटलं. डब्ल्यूसीडब्ल्यू बुडायला कारणं पुष्कळ होती, त्या एका बोटावर सगळं ढकलणं बरोबर नाही. तरी मार्च २००१ मध्ये ती कंपनी प्रतिस्पर्ध्यानंच विकत घेतली.

एव्हाना तुम्ही म्हणत असाल, की हा पिंजऱ्याचं का बोलत नाही. सगळे तेच विचारतात. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरनं फोलीला सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. स्ट्रेचरवरून उठून तो परत वर चढला आणि मग छताची जाळी एकदम तुटून आत, रिंगणात कोसळला. जाळी तशी तुटायची नव्हती. मागोमाग खुर्ची तोंडावर आली, दात तुटून नाकात गेला. मला त्यातलं लक्षात राहिलंय ते मात्र वेगळंच. फोलीला शुद्धीवर यायला वेळ मिळावा म्हणून त्याचा जुना दोस्त टेरी फंक मध्ये घुसला आणि अंडरटेकरकडून स्वतः आपटून घेतलं. त्या दणक्यानं फंकचे बूट पायातून निघून रिंगणातच राहिले. मॅचनंतर मालक विन्स मॅकमहननं फोलीचे आभार मानले आणि बजावलं, की असलं पुन्हा कधी बघायचं नाही. तीनेक महिन्यांत हाच फोली इस्पितळात पडलेल्या त्याच मॅकमहनला हसवायला डोळे-तोंड रंगवलेला मळका मोजा हातात चढवून गेला, अर्थात कथेतल्या इस्पितळात. लोकांनी त्या मोज्याला डोक्यावर घेतलं. सोळा फुटांपेक्षा तो मोजा त्याला जास्त पुरला, असं मला वाटतं.

निवृत्ती त्यानं फेब्रुवारी २००० मध्ये घेतली आणि एप्रिलमध्ये मोडली. पुढे अधूनमधून दहा-अकरा वर्षं येतच राहिला. आत्मचरित्र मात्र लेखनिक नाकारून स्वतःच्या हातानं, वह्या भरभरून लिहिलं, आणि ते न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. २०१३ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. खुब्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो रंगमंचावर उभा राहून गोष्टी सांगतो.

इथवर माझं उत्तर मला पटतं. पुढचं पटत नाही.

चॅम्पियन झाल्यावर वीस दिवसांनी, २४ जानेवारी १९९९ ला, अॅनाहाइममध्ये फोली आणि रॉक पुन्हा समोरासमोर आले. अट अशी, की जो तोंडानं "मी हरलो" म्हणेल तो हरला. फोलीची बायको आणि दोन्ही मुलं पहिल्या रांगेत होती. मुलं सात वर्षांच्या आतली. आधी मुलांची रॉकशी ओळख करून दिलेली, हा मित्रच आहे, खेळ आहे हे समजावलेलं. मग रॉकनं फोलीचे हात पाठीमागे बेड्यांत अडकवले आणि खुर्ची डोक्यात घालायला लागला. पडायची विद्या हातांवर चालते. हात बांधले की ती संपली. ठरलं होतं त्यापेक्षा खूप जास्त, अकरा वेळा. शेवटी फोली काही बोललाच नाही. आधीच्या मुलाखतीतला त्याचाच आवाज लाउडस्पीकरवर लावून "मी हरलो" म्हणवलं. म्हणजे त्या रात्रीची हार तेवढी खोटी होती. एका माहितीपटाचे कॅमेरे तिथे होते, त्यांनी रिंगण सोडून पहिली रांग टिपली. मुलगी किंचाळते आहे, आई दोघांना ओढत बाहेर नेते आहे. नंतर ते चित्रण बघून फोली स्वतः हादरला. डोक्यावर खुर्ची मारणं कंपनीनं बंद केलं ते २०१० मध्ये.

चार वर्षांपूर्वी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेळ जावा म्हणून मी त्यांना फोनवर हे सगळं क्रमानं दाखवत होतो. हेडलॉक, बोट, मोजा. मोज्याला तर पोट धरून हसले. त्या ओघात हाही भाग लागला. मी बंद करणार होतो, पण त्यांनी माझा हात बाजूला केला आणि शेवटपर्यंत पाहिलं. मग फोन माझ्याकडे दिला.

"ठरवून होतं न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"आन् पोरास्नी आधी सांगितल्यालं?"

"हो, सांगितलेलं."

"मग पोरं का रडत्यात?"